मोहल्ल्याची मशीद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशिदीबद्दल विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. काही जण कधी आत गेलेलेच नसतात. काही जण लहानपणापासून रोज जातात, पण ‘हे असं का’ विचारायचं राहून गेलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे प्रश्न जास्त अवघड असतात. इथे दोघांचेही घेतले आहेत. साधे आधी, गुंतागुंतीचे नंतर.

१. मशीद म्हणजे मुसलमानांचं देऊळच ना?

समजायला सुरुवात म्हणून ठीक, पण तुलना लगेच अडते. मूळ अरबी शब्द ‘मस्जिद’, म्हणजे सजदा करायची, कपाळ जमिनीला टेकवायची जागा. आत गाभारा नाही, मूर्ती नाही, तसबीर नाही. देवाचा मुक्काम तिथे असतो अशी कल्पनाही नाही. पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळा ‘मुख्य वस्तू कुठे आहे?’ अशा नजरेने इकडेतिकडे बघतो. मुख्य वस्तू म्हणजे समोरची मोकळी जमीनच. शिवाय भिंतीत एक कोनाडा (मेहराब), त्याच्या बाजूला चार पायऱ्यांचं आसन (मिंबर), वजूसाठी (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) पाणी आणि वेळांचा फलक. एवढ्यावर मशीद चालते.

नमाज कुठल्याही स्वच्छ जागी होते. सारी पृथ्वी माझ्यासाठी मशीद केली गेली आहे, अशा अर्थाची हदीस (प्रेषितांच्या उक्ती-कृतीची नोंद) प्रसिद्ध आहे. मग मशीद कशाला? एकत्र उभं राहण्यासाठी. एकट्याच्या नमाजापेक्षा जमातीच्या (एकत्र पढलेल्या) नमाजाचं पुण्य २७ पट, असं हदीस सांगते. म्हणून मला नेहमी वाटतं, मशीद ही इमारत कमी आणि वेळापत्रक जास्त. दिवसातून पाच वेळा तीच माणसं तिथे भेटतात. खालच्या उत्तरांतलं बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

२. मनोरा आणि घुमट नसेल तर ती मशीद नव्हे का?

मशीदच. प्रेषित मुहम्मद (स.) इ. स. ६२२ मध्ये मक्केहून हिजरत (स्थलांतर) करून मदिनेला आले. आधी कुबा इथे आणि मग मदिनेत त्यांनी मशीद उभारली. मदिनेची मशीद म्हणजे कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर खजुराच्याच झावळ्या. एका रमजानच्या रात्री पाऊस आला, छत गळलं, आणि सजद्यातून उठलेल्या प्रेषितांच्या कपाळावर चिखल लागलेला लोकांनी पाहिला, अशी नोंद हदीसमध्ये आहे.

मनोरा तेव्हा नव्हता. प्रेषितांचे साथीदार (सहाबी) हजरत बिलाल शेजारच्या उंच घराच्या छतावर चढून अजान द्यायचे. मनोरे उमय्या खलिफांच्या काळात आले. आत वळलेला मेहराबही मदिनेच्या मशिदीत त्याच काळात, इ. स. ७०७ ते ७०९ च्या पुनर्बांधणीत आला. घुमट ही तर निव्वळ छत टाकायची पद्धत. तेव्हा दुकानांच्या वरच्या मजल्यावरची मशीदही पूर्ण मशीद असू शकते. ‘असू शकते’ का म्हटलं, ते प्रश्न १५ मध्ये.

३. नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात ना?

नाही, मक्केतल्या काब्याकडे. भारतातून काबा साधारण पश्चिमेला येतो म्हणून तसा समज झाला. येमेनमधला माणूस उत्तरेकडे वळतो आणि तुर्कस्तानातला दक्षिणेकडे. या दिशेला किब्ला म्हणतात. मदिनेत आल्यावर पहिले १६-१७ महिने किब्ला जेरुसलेमकडे होता, मग कुरआनातल्या आदेशाने तो काब्याकडे वळला.

किब्ला तपासायची एक सुंदर रीत आहे. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. मक्केच्या घड्याळात तेव्हा अनुक्रमे १२:१८ आणि १२:२७ झालेले असतात. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथे एक सरळ काठी उभी करा. तिची सावली ज्या बाजूला पडेल त्याच्या नेमकी उलट दिशा म्हणजे किब्ला. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ चुकतं, हा हिशेब चुकत नाही.

४. फलकावर एकाच नमाजाच्या दोन वेळा का असतात? आणि त्या बदलतात का?

पहिली वेळ अजानची, दुसरी जमात उभी राहण्याची. मधल्या वेळात लोक हातातलं काम आवरतात, वजू करतात, येतात. फजर, जोहर, असर, मगरीब, इशा या पाचही वेळा सूर्यावर ठरतात, त्यामुळे ऋतूबरोबर सरकतात. मगरीबचं अंतर सगळ्यात कमी, कारण सूर्य मावळला की लगेच ती नमाज.

दोन मशिदींत असरची वेळ तासाभराने वेगळी दिसली तर कुणी चुकलेलं नाही. वस्तूची सावली (माध्यान्हीची मूळ सावली सोडून) तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू, असं सुन्नी धर्मनियमशास्त्राच्या (फिकह) चार शाखांपैकी शाफई, मालिकी, हंबली मानतात. हनफी फिकहमध्ये ती दुप्पट व्हावी लागते.

५. अजानमध्ये काय म्हणतात?

अल्लाह सर्वांत महान आहे, त्याच्याशिवाय कुणी उपास्य नाही, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत; नमाजकडे या, यशाकडे या. पहाटेच्या अजानमध्ये एक वाक्य जादा असतं: ‘झोपेपेक्षा नमाज चांगली’. अजान ही प्रार्थना नाही, बोलावणं आहे. आणि ते बोलावणं परिस्थिती बघून बदलतंही. फार पाऊस पडलेल्या एका दिवशी सहाबी हजरत इब्न अब्बास यांनी मुअज्जिनला (अजान देणाऱ्याला) ‘नमाजकडे या’च्या जागी ‘आपापल्या घरी नमाज पढा’ म्हणायला सांगितलं होतं. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मशिदी बंद झाल्या तेव्हा कुवेतच्या अजानमध्ये तेच शब्द जगाने ऐकले.

६. मौलाना, इमाम, मुअज्जिन, मुतवल्ली यांत कोण मोठा?

ही उतरंड नाही, कामांची वाटणी आहे. अजान देतो तो मुअज्जिन. नमाज पढवतो तो इमाम. पगारी आणि कायमचा असेल तर पेशइमाम. मौलाना ही विद्वत्तेची उपाधी, मशिदीतलं पद नाही. मुतवल्ली म्हणजे मालमत्तेचा आणि हिशेबाचा कारभारी. त्याला एक ओळ कुरआन नीट पढता येत नसली तरी तो मुतवल्ली असू शकतो. तो आणि इमाम यांचं पटत नसल्याच्या तक्रारी जगभर एकसारख्या ऐकू येतात. कामं वेगळी हे दोघांनाही आठवत राहिलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

इमामाची दीक्षा नसते, वंशही नसतो. पेशइमाम गावी गेला तर रांगेतला जो कुरआन सर्वांत चांगलं जाणतो तो पुढे होतो. तो पुढे उभा असतो एवढंच, देव आणि माणसांच्या मध्ये नाही.

७. इमाम नमाजात चुकला तर? मागच्यांनी गप्प राहायचं?

मुळीच नाही. पढताना तो आयत (कुरआनातलं वाक्य) विसरला तर मागून कुणीतरी पुढचे शब्द मोठ्याने पढून देतो. याला लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास भरवणं. रमजानमध्ये तरावीहला (रात्रीच्या जादा नमाजाला) हाफिज अख्खं कुरआन तोंडपाठ पढतो, तेव्हा त्याच्या नेमका मागे आणखी एक हाफिज याच कामासाठी उभा केला जातो. बसायच्या ऐवजी इमाम उठायला लागला, तर पुरुष ‘सुब्हानल्लाह’ म्हणतात आणि स्त्रिया एका हाताने दुसऱ्या हातावर टाळी देतात. ‘अहो, बसा’ म्हणता येत नाही, कारण साधं बोललं की नमाज मोडते. चूक लक्षात आली की शेवटी दोन जादा सजदे केले जातात, सजदा-ए-सह्व.

खुद्द प्रेषितांनी एकदा चार रकातींच्या (नमाजाच्या फेऱ्यांच्या) जागी दोनवरच सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली. मोठमोठे सहाबी समोर होते, पण बोलायला कुणी धजेना. जुलयदैन नावाच्या माणसाने विचारलं, नमाज कमी झाली की तुम्ही विसरलात? प्रेषितांनी इतरांना विचारून खात्री केली, राहिलेल्या रकाती पढल्या आणि सह्वचे सजदे केले.

इमामाचा वजूच मधेच मोडला तर? नाकावर हात ठेवून तो मागे सरकतो, पहिल्या रांगेतल्या एकाला हाताने पुढे ओढतो, आणि नमाज जिथे होती तिथून चालू राहते. मागच्या रांगांना अनेकदा आवाज बदलला एवढंच कळतं. इमामाच्या बरोबर मागे जाणत्या माणसांनी उभं राहावं, असं म्हणतात ते यासाठीच.

८. मी पोचलो तेव्हा जमात सुरू झालेली होती. आता?

धावू नका, हदीसमध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. शांतपणे रांगेत उभे राहा, तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणा आणि इमाम ज्या स्थितीत असेल तीत सामील व्हा. इमाम रुकूमध्ये (कमरेत वाकलेला) असताना तुम्ही त्याला गाठलंत तर ती रकात तुम्हाला मिळाली. रुकूमधून उठल्यावर गाठलंत तर नाही. इमामाने दोन्ही बाजूंना सलाम फेरला की तुम्ही उठून सुटलेल्या रकाती एकट्याने पुऱ्या करता. नवखे इथे इमामाबरोबरच सलाम फेरून मोकळे होतात, ती सर्वांत नेहमीची चूक.

९. शुक्रवारच्या नमाजात वेगळं काय आहे?

जोहरच्या चार फर्ज (बंधनकारक) रकातींच्या जागी दोन, आणि आधी खुतबा, म्हणजे प्रवचन. खुतबा हा नमाजचाच भाग धरला जातो. तो चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणंसुद्धा चुकीचं. कुरआनाच्या ६२ व्या सूरेचं (अध्यायाचं) नावच ‘जुमुआ’, म्हणजे शुक्रवार. अजान झाली की खरेदी-विक्री सोडून या, असं तिच्या ९ व्या आयतीत आहे आणि लगेच १० व्या आयतीत, नमाज संपली की जमिनीवर पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा. म्हणजे शुक्रवार सुट्टीचाच दिवस हवा असं कुरआन म्हणत नाही, मधला तासभर मागतो.

किती माणसं हवीत यावर मतभेद आहेत. हनफी शाखेचे मूळपुरुष इमाम अबू हनीफांच्या मते इमाम सोडून तिघे, मालिकी बारा म्हणतात, शाफई चाळीस. अगदी लहान वस्तीत हनफी मताप्रमाणे जुमा (शुक्रवारची नमाज) होतच नाही, तिथे जोहरच पढतात.

१०. स्त्रियांना मशिदीत प्रवेश आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न. धर्मशास्त्राचं उत्तर एक आणि वहिवाटीची दहा. ‘अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका’ ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांच्या काळी स्त्रिया त्याच मशिदीत पुरुषांच्या मागे रांग करून नमाज पढत, मधे भिंत नव्हती. हजरत उमर यांना पत्नीने फजर-इशाला मशिदीत जाणं रुचत नसे. ती जाई. ते तुला मना का करत नाहीत, असं कुणी विचारलं तेव्हा कारण म्हणून हीच हदीस पुढे आली.

दुसऱ्या बाजूला, स्त्रीसाठी घरची नमाज अधिक चांगली अशा अर्थाच्या हदीसही आहेत, जुमा तिच्यावर बंधनकारक नाही, आणि नंतरच्या अनेक हनफी फकिहांनी (धर्मनियमांच्या जाणकारांनी) ‘काळ बिघडला’ असं कारण देऊन तिचं जाणं नापसंत ठरवलं. म्हणून मक्का-मदिनेत लाखो स्त्रिया जमातीत दिसतात आणि एखाद्या मोहल्ल्याच्या मशिदीत त्यांच्यासाठी वजूचा नळही नसतो. माझं स्पष्ट मत: बऱ्याच ठिकाणी अडचण फतव्याची नसून जागेची आणि सवयीची असते. आधी स्त्रियांसाठी वजूखाना आणि वेगळं दार आहे का ते विचारा. त्या उत्तरात बाकीचं उत्तर येतं.

११. लहान मुलांना आणावं का? ती गोंधळ घालतात.

आणावं. प्रेषित नमाज पढवताना नात उमामा त्यांच्या खांद्यावर असायची; सजद्याला जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना पुन्हा घ्यायचे. मूल रडलं तर आईचा जीव कासावीस होतो म्हणून ते नमाज आवरती घेत. मुलांवर खेकसणाऱ्या काकांना एवढं सांगून पाहा. फरक पडेलच असं नाही.

१२. मी मुसलमान नाही. आत येऊन बघू शकतो का?

बहुतेक ठिकाणी हो, विचारून. सीरतग्रंथांत (प्रेषितांच्या चरित्रांत) नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला मदिनेच्या मशिदीतच उतरवल्याचं वर्णन आहे. मक्केच्या हरम (पवित्र) हद्दीत मात्र मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. इतरत्र देशोदेशीची रीत वेगळी: इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद नमाजाच्या वेळा सोडून सर्वांना खुली असते, मोरोक्कोत मालिकी वळणामुळे बहुतेक मशिदी मुस्लिमेतरांना बंद असतात, पण कासाब्लांकाची हसन दुसरे यांची मशीद वाटाड्याबरोबर पाहता येते.

चपला दारात काढा, अंग झाकणारे कपडे घाला, फोन गप्प करा. वजूची सक्ती तुमच्यावर नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा: नमाज पढणाऱ्या माणसाच्या पुढून जाऊ नका, मागून वळसा घ्या. आणि चुकलात तर घाबरू नका. प्रेषितांच्या मशिदीत एक वाळवंटी माणूस चक्क कोपऱ्यात लघवी करायला बसला. लोक धावले, तेव्हा प्रेषित म्हणाले, त्याचं होऊ द्या, मग त्यावर पाण्याची एक बादली ओता.

१३. नमाज सोडून मशिदीत काय काय चालतं?

मदिनेच्या मशिदीला लागून ‘सुफ्फा’ नावाचा एक छपराचा ओटा होता. घरदार नसलेले गरीब सहाबी तिथे राहत, शिकत आणि येईल ते खात. आसरा, शाळा आणि मशीद एकाच छपराखाली, हा नमुना तेव्हाचा. मशिदीतल्या शिकवणीची पुढे विद्यापीठं झाली: फेजची करवीयीन मशीद परंपरेनुसार फातिमा अल-फिहरी यांनी इ. स. ८५९ मध्ये बांधली, आणि काहिरातल्या अल-अजहरचं काम ९७० मध्ये सुरू झालं.

मोहल्ल्याच्या पातळीवर पाहिलं तर संध्याकाळी मुलांचा मकतब (धर्मशिकवणी), निकाह, फितरा (रमजानअखेरचं दान) गोळा करून ईदच्या नमाजाआधी गरजूंना पोचवणं, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मुक्कामाला बसणं म्हणजे एतिकाफ. पण सगळ्यात मोठं काम कुठल्याच यादीत येत नाही. रोज फजरला खांबाजवळ बसणारे म्हातारबा दोन दिवस दिसले नाहीत की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांचं दार वाजवतं. नोकरी गेलेला माणूस जोहरलाही दिसू लागला की शेजारच्याला न सांगता कळतं.

काय चालत नाही तेही सांगतो. आत सौदा करायला मनाई आहे. हरवलेल्या वस्तूची आत दवंडी पिटण्यालाही हदीसमध्ये मनाई आहे. ते दाराबाहेर करावं. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन येऊ नये, हीसुद्धा हदीसच.

१४. जनाजाची नमाज मशिदीच्या बाहेर का होते? आणि पैसे कुठून येतात?

दोन प्रश्न बहुधा एकाच निरोपात येतात, म्हणून एकत्र. जनाजा आत आणणं हनफींच्या मते मकरूह (नापसंत), म्हणून ते अंगणात किंवा मैदानात उभे राहतात; शाफई आणि हंबली आतही पढतात. या नमाजात रुकू नाही, सजदा नाही, उभ्यानेच चार तकबिरी. मदिनेची मशीद झाडणारी एक काळी स्त्री वारली. प्रेषितांना उगाच कशाला त्रास, म्हणून लोकांनी परस्पर दफन केलं. त्यांना कळलं तेव्हा तिची कबर विचारून ते तिथे गेले आणि नमाज पढले.

पैशाचं म्हणाल तर चंदा, देणग्या आणि वक्फ मालमत्तेचं भाडं. जकात नव्हे. जकात म्हणजे ठरावीक संपत्तीवर वर्षाला अडीच टक्के, आणि तिचे आठ हकदार कुरआनाने (९:६०) ठरवून दिले आहेत. बहुसंख्य फकिहांच्या मते ती हकदार माणसाच्या हातात मालकीने गेली पाहिजे. भिंतीला, पंख्याला किंवा वीजबिलाला मालकी देता येत नाही. मशीद गोरगरिबांसाठी जकात गोळा करत असेल तर दोन्ही पेट्या वेगळ्या हव्यात. देताना ‘ही जकात आहे’ असं सांगा.

१५. मशीद कुणाच्या मालकीची? विकता किंवा हलवता येते का?

खैबरची जमीन मिळाल्यावर हजरत उमर यांनी तिचं काय करू असं विचारलं. प्रेषितांचा सल्ला मिळाला: मूळ राखून ठेव, उत्पन्न वाटून टाक. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाने जायची नाही. वक्फची चौकट ही. मशिदीची जागा वक्फ असते, म्हणजे बांधणाऱ्या घराण्याची नाही, मुतवल्लीची नाही, जमातीचीही नाही.

वस्ती उठली, मशीद ओसाड पडली तर? अबू हनीफांचे शिष्य इमाम अबू यूसुफ यांच्या मते ती कायमची मशीदच राहते, आणि हनफी फतवा त्यावरच आहे. त्यांचेच सहाध्यायी इमाम मुहम्मद (शैबानी) म्हणतात, जागा देणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत जाईल. हंबली मतानुसार विकून ते पैसे दुसऱ्या मशिदीला लावता येतात.

भाड्याच्या खोलीत किंवा कार्यालयात नमाजासाठी राखलेली जागा मात्र ‘मुसल्ला’, शरई (धर्मनियमांनुसारची) मशीद नव्हे. तिथे जमात होते, पण पुरुषांचा एतिकाफ होत नाही, आणि उद्या ती जागा दुसऱ्या कामाला वापरता येते. प्रश्न २ मधलं ‘असू शकते’ ते यासाठी.

१६. दुसऱ्या पंथाच्या मशिदीत नमाज पढू शकतो का?

दार सगळ्यांना उघडं असावं हा मूळ नियम. कुणी ‘आमीन’ मोठ्याने म्हणेल, कुणी हात छातीवर बांधेल, मालिकी बहुधा हात मोकळे सोडतील. शिया मशिदीत सजद्यासाठी मातीची टिकली (सजदागाह) दिसेल, आणि जोहर-असर जोडून पढलेली दिसेल. काही ठिकाणी दारावर पंथाची पाटी असते. तिथे वाद घालण्यापेक्षा पुढची मशीद गाठलेली बरी. दर्गा, ईदगाह आणि इमामबाडा या मशिदी नव्हेत. दर्गा कबरीभोवती उभा राहतो, ईदगाह हे ईदच्या नमाजाचं मैदान, इमामबाडा मजलिसीसाठी (शियांच्या शोकसभांसाठी).

१७. जमातीला कुणीच आलं नाही तर?

लहान वस्त्यांतून येणारा प्रश्न, बहुतेकदा मुअज्जिनचाच. हनफी ग्रंथांचं उत्तर असं की, मोहल्ल्याच्या मशिदीत कुणी आलं नाही तरी मुअज्जिनने अजान द्यावी, इकामत (जमात उभी राहतानाची घोषणा) म्हणावी आणि तिथेच एकट्याने नमाज पढावी. गर्दी आहे म्हणून दुसऱ्या मशिदीत जाऊ नये. एकजण आला की जमात झाली. तो इमामाच्या उजव्या हाताला, जवळजवळ बरोबरीने उभा राहतो. इब्न अब्बास लहानपणी चुकून डावीकडे उभे राहिले, तेव्हा प्रेषितांनी नमाजातच त्यांना धरून उजवीकडे आणलं होतं. तिसरा आला की पहिल्याच्या खांद्याला हलकेच हात लावतो, आणि दोघे मिळून एक पाऊल मागे सरतात.